आण्णाप्पांनी सांगितलेलं जंगल

बेळगावच्या त्या कॉलेजात भूगोल विभागाचे अटेंडर म्हणून आण्णाप्पांना सव्वीस वर्षं झाली होती. दरवर्षी डिसेंबरात एम.एस्सी.च्या पोरांना घेऊन गाडी कणकुंबीच्या जंगलात जायची, आणि मोजणीच्या साखळ्या, दांडे, होकायंत्रं आणि पोह्यांचं पातेलं घेऊन आण्णाप्पा पुढच्या सीटवर बसायचे. शिकवायचे प्राध्यापक, पण वाट दाखवायचे आण्णाप्पा. ते जन्मले त्याच भागातल्या एका वस्तीवर. कुठल्या उतारावर पाय निसटतो आणि कुठल्या वेलीजवळ खाजकुयली असते, हे त्यांना पुस्तक न उघडता माहीत होतं.

यंदा मात्र सहल निघाली नाही. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याचा पाय मोडला होता, वनखात्याची परवानगीही वेळेत आली नाही. त्याऐवजी जानेवारीत विभागात वीस खोकी आली. त्यांत डोक्याला बांधायचे मोठाले काळे चष्मे होते. एका कंपनीनं कणकुंबीचं अख्खं जंगल संगणकात उभं केलं होतं. चष्मा घालायचा, की आपण बेळगावात खुर्चीवर बसून जंगलात. पन्नास गुणांची प्रात्यक्षिक परीक्षासुद्धा मार्चमध्ये त्याच जंगलात व्हायची होती.

विभागप्रमुख प्रियदर्शनी मॅडमनी हौसेनं पहिला चष्मा आण्णाप्पांच्या डोक्याला बांधला. आण्णाप्पांनी मान वळवली आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आईच्यान, ही आमची खिंड की!"

"कसं वाटतंय?"

"सगळं हाय मॅडम. खाजकुयली तेवढी न्हाय."

पोरं खो खो हसली. आण्णाप्पाही हसले, पण साखळ्यांची ट्रंक कपाटावर चढवून ठेवताना त्यांनी तिच्यावरची धूळ दोनदा पुसली. जंगलच इथं आल्यावर वाट दाखवणाऱ्याला कोण विचारतो?

त्या वर्गात ब्राह्मी होती. निपाणीजवळच्या खेड्यातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. बी.ए.ला भूगोलात पहिला वर्ग मिळवून ती आली होती, हॉस्टेलवर राहायची, पांढरी काठी घेऊन एकटी शहरभर हिंडायची. तिचा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचा.

तिनं कानाला हेडफोन लावले आणि त्या जंगलात शिरायचा प्रयत्न केला. लॅपटॉप बोलू लागला, "झाड चौदा. झाड चौदा. दगड सात. बटन. बटन. बटन." मागं एक पक्षी ओरडत होता. ब्राह्मी डावीकडं वळली, उजवीकडं वळली, तरी तो दोन्ही कानांत सारखाच. दहा मिनिटांनी तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

प्रियदर्शनी मॅडम मनानं चांगल्या. त्या तिच्या शेजारी येऊन बसल्या. "काळजी करू नकोस गं. विद्यापीठाला लिहून तुला प्रात्यक्षिकातनं सूट घेऊ. लेखी पेपरच्या हिशेबानं गुण देतील."

"सूट नको मॅडम."

"अगं, पण..."

"खऱ्या जंगलाला मी काय बोलणार? ते कुणी बांधलं न्हाय. तितं दगडाला हात तरी लावला असता. हे जंगल मात्र माणसानं बांधलंय, आणि बांधताना मला दार ठेवायचं विसरलाय." तिचा आवाज चढला नव्हता. "आता दार पाडून द्या. परीक्षा मी देणार."

संगणक विभागाचा नागेंद्र मागं उभा होता. तिशीतला, मितभाषी माणूस. तो पुढं आला. "करता येतं मॅडम. की-बोर्डच्या बाणांनी चालायची सोय करतो. ओढा डावीकडं असला तर डाव्याच कानात वाजंल, जवळ गेलं की मोठा होईल. पण कंपनीनं वस्तूंना नुसते नंबर दिलेत. चारशेवर वस्तू आहेत. प्रत्येकीचं वर्णन कोण देणार? कंपनी म्हणते, पुढच्या वर्षी बघू."

परीक्षेला आठ आठवडे होते. चहाचे कप गोळा करत असलेले आण्णाप्पा थांबले.

"लिहायचं मला जमायचं न्हाय," ते म्हणाले. "सांगून चालंल काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला काम सुरू झालं. आण्णाप्पांच्या डोळ्यांवर चष्मा, तोंडासमोर माईक, शेजारी ब्राह्मी. आण्णाप्पांनी घसा साफ केला.

"हितं एक झाड हाय. मोठं हाय. लई छान हाय."

ब्राह्मीनं माईक बंद केला. "किती मोठं?"

"मोठं म्हंजे... मोठंच की."

"छान म्हणजे काय आण्णा? मला त्यातनं काय कळलं?"

"छान म्हंजे छान! दुसरं काय सांगायचं?"

"मग ह्यापेक्षा 'झाड चौदा' बरं. त्यात निदान नंबर तरी कळतो."

आण्णाप्पांना ते झोंबलं. सव्वीस वर्षांत एवढं फटकून कुणी बोललं नव्हतं. ते तणतणत घरी गेले आणि बायकोला, मालुबाईला, सगळं सांगितलं. ती आपली बाजू घेईल असं त्यांना वाटलं होतं. मालुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "खरं बोलली पोरगी."

"व्हय काय!"

"मग? तीस वर्सं झाली, आमटी कशी झाली म्हणून इचारलं की 'छान'. मीठ कमी असलं तरी छान, तिखट जास्त झालं तरी छान. तुमाला काय आवडतंय, मला अजून कळलं न्हाय."

आण्णाप्पा जेवता जेवता थबकले. मग डोळे मिटून त्यांनी आमटीचा एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला. "चिंच जरा पुढं हाय," ते हळूच म्हणाले. "आणि शेवटाला लसणाचा जाळ लागतोय." मालुबाईनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवून त्यांच्याकडं बघितलं.

त्यानंतर आठ दिवस ते डोळे मिटून घरात हिंडले. दाराची चौकट किती पावलांवर, न्हाणीतली फरशी कुठं गार लागते, परसात जांभळाखालचा पाला कसा वाजतो. शेजाऱ्यांना वाटलं, ह्यांच्या डोळ्यांना काहीतरी झालं.

पुढच्या सोमवारी त्यांनी माईक पुढं ओढला.

"डाव्या हाताला, चार पावलांवर ऐनाचं झाड. बुंधा दोघांच्या कवेत मावंल एवढा. सालीला उभ्या-आडव्या भेगा हाईत, हात फिरवलास तर चौकोनी खपल्या लागतील, मगरीच्या पाठीगत. झाडामागं जांभा दगड उघडा पडलाय. त्याला भोकंच भोकं, वारुळासारखी. हितनं जमीन उजवीकडं उतरती. सावकाश, पायाखाली बारकी खडी हाय."

ब्राह्मीनं टेबलावर बोटं फिरवली, खपल्या चाचपल्यासारखी. मग म्हणाली, "आता पुढचं."

असं ते रोज चालू झालं. आण्णाप्पा सांगायचे, ब्राह्मी काटछाट करायची, नागेंद्र तो आवाज त्या त्या जागी जोडायचा. यंत्राचा आवाज लावून बघितला होता, पण तो 'किंजळ' ह्या झाडाच्या नावाला काहीतरी भलतंच म्हणायचा, म्हणून आण्णाप्पांचाच आवाज ठेवला. ब्राह्मी कामात कडक होती. एकदा खिंडीवर आल्यावर आण्णाप्पा उत्साहात म्हणाले, "हिकडचं पाणी पूर्वेला मलप्रभेला, तिकडचं पश्चिमेला म्हादईला!"

"हे काढा," ब्राह्मी म्हणाली.

"का? खरं हाय ते."

"खरं हाय, पण ते परीक्षेतलं उत्तर झालं. चष्मा घातलेल्यांना जे दिसत न्हाय, ते मला ऐकवायचं न्हाय. उतार कुठं हाय तेवढं सांगा. पाणी कुठं जातंय ते माझं मी काढीन."

नागेंद्रनं ते वाक्य पुसलं. त्या दिवसापासून आण्णाप्पा तिला 'पोरी' म्हणायचे बंद झाले. 'ब्राह्मीबाई' म्हणू लागले.

वर्गातल्या दिपालीला चष्मा घातला की भोवळ यायची. तीही एके दिवशी ब्राह्मीशेजारी की-बोर्डवर येऊन बसली. मग आणखी दोघंतिघं आले. चष्म्यातली पोरंसुद्धा आण्णाप्पांचा आवाज चालू ठेवू लागली. हिरव्या गर्दीत कुठलं झाड कुठलं, ते नुसतं बघून त्यांनाही कळत नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्याला घोटाळा झाला. खिंडीपलीकडच्या एका ओढ्याचं वर्णन करता करता आण्णाप्पा अडखळले.

"नागेंद्र, हा ओढा उलटा वाहतोय."

"उलटा म्हणजे?"

"हितं पूर्वेला चाललाय. हा पश्चिमेला जातो."

"आण्णा, उंचीचे आकडे उपग्रहावरनं आलेत. कंपनीनं तपासलेत."

"उपग्रहानं त्यात म्हशी धुतल्या न्हाईत. मी धुतल्यात."

नागेंद्र प्रियदर्शनी मॅडमकडं गेला. त्यांनी नकाशा काढला, पण तो ओढा इतका बारका होता की नकाशात त्याची रेघसुद्धा नव्हती. "दाट झाडी असली की उपग्रहाला जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडेच दिसतात," मॅडम म्हणाल्या. "चूक असू शकते. पण आण्णाप्पांच्या आठवणीवर परीक्षेचा नकाशा कसा बदलू?"

"मग जाऊन बघूया," ब्राह्मी म्हणाली. "नकाशा चुकला असंल तर जागेवर जाऊन तपासायचं, हे तुम्हीच शिकवलंय मॅडम."

मॅडमनी फोन उचलला. चारच माणसं म्हटल्यावर वनखात्याची परवानगी चार दिवसांत मिळाली. शनिवारी सकाळी मॅडमच्या गाडीतनं मॅडम, नागेंद्र, ब्राह्मी आणि आण्णाप्पा निघाले. खानापूर, जांबोटी मागं पडलं आणि हवा गार झाली. गाडी सोडल्यावर ब्राह्मीनं एका हातानं आण्णाप्पांचा दंड धरला, दुसऱ्या हातात काठी. दहा पावलं गेल्यावर ती म्हणाली, "आण्णा, डावीकडं ऐन हाय ना?" आणि काठी न लावता तिनं हात पुढं केला. बोटांना भेगाळ खपल्या लागल्या. ती तिथंच उभी राहिली. जंगलात ती पहिल्यांदा आली होती, पण अनोळखी जागी आल्यासारखा तिचा चेहरा नव्हता.

ओढ्यात जेमतेम चार बोटं पाणी होतं, वर वाळक्या पानांचा थर. नागेंद्र वाकून वाकून बघत होता. "वाहतंय का थांबलंय, तेच कळत नाही."

आण्णाप्पा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ब्राह्मीनं त्यांना हातानं थांबवलं. चपला काढून ती दगडावर बसली. पानं बाजूला सारली आणि हात पाण्यात सोडला. मग ओढ्याच्या कडेनं सरकत गेली. दोन दगडांमध्ये जिथं ओढा अरुंद होत होता तिथं तिनं तळवा आडवा धरला. पाणी तिच्या तळव्यावर आपटून करंगळीच्या कडेनं वाट काढत होतं. तिनं दुसऱ्या हातातला फोन पाणी जात होतं त्या दिशेला धरला. फोनमधलं बोलकं होकायंत्र म्हणालं, "वेस्ट."

"पश्चिम," ब्राह्मी म्हणाली.

तिनं दहा-दहा पावलांवर आणखी चार ठिकाणी तसंच बघितलं, आणि मॅडमनी उतारमापक लावून प्रत्येक वेळी आकडा टिपला. पाचही वेळा पश्चिम. मॅडमनी वही मिटली.

"आण्णाप्पा, तुमचं बरोबर."

आण्णाप्पांनी ओढ्यातलं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि उगाचच इकडंतिकडं बघत राहिले.

परतीच्या वाटेवर नागेंद्रनं गाडीतनंच कंपनीला फोन लावला. आधी ते ऐकेनात. मॅडमनी पाच जागांचे आकडे पाठवले, तेव्हा तिसऱ्या दिवशी कबूल झाले. खिंडीच्या आसपासचा भाग सगळा दुरुस्त झाला. त्याबरोबर कंपनीनं नागेंद्रचं बाणांचं आणि आवाजाचं काम आपल्याकडं मागून घेतलं. मॅडमनी दिलं, पण एक अट घालून. ह्यापुढं कुठल्याही कॉलेजला जंगल द्याल ते बोलतं द्याल.

परीक्षेला धारवाडहून परीक्षक आले. पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. वर्गात बाकीचे चष्मे बांधून तयार होते. ब्राह्मी आणि दिपाली की-बोर्डपुढं. ब्राह्मीसमोर रबरी पाटीवर प्लास्टिकचा कागद होता. त्यावर पेन ओढलं की रेघ वर उठायची आणि बोटाला लागायची.

परीक्षकांनी कपाळाला आठी घातली. "हा आवाज हिला उत्तरं तर सांगत नाही ना?"

"आपण ऐकून बघा सर," मॅडम म्हणाल्या.

परीक्षकांनी हेडफोन लावला आणि पाच मिनिटं आण्णाप्पांचं जंगल ऐकलं. आण्णाप्पा दाराशी उभे राहून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. इतक्या वर्षांत परीक्षेचे पेपर त्यांनी गठ्ठ्यानं वाहिले होते, पण स्वतःचा पेपर असा कधी कुणी तपासला नव्हता. परीक्षक मध्येच दचकून थोडे मागं सरले. मग हेडफोन काढत म्हणाले, "ते म्हणाले 'सावकाश, निसरडं हाय', आणि माझा पाय थांबला." त्यांच्या आठ्या गेल्या होत्या. "पण पाठ केलेली वाट नको. मी जागा निवडतो."

त्यांनी ब्राह्मीला आणि बाकीच्यांनाही खिंडीपासून दूर, एकाच आडरानात नेऊन सोडलं. "तू कुठं आहेस ते शोध. पाणी कुठल्या बाजूला जातं ते ठरव आणि दोन्हीकडचं पाणी जिथं वेगळं होतं ती जलविभाजकाची रेघ काढ. पाऊण तास."

ब्राह्मीनं बोटं बाणांवर ठेवली. पहिली पाच मिनिटं ती नुसती चारी दिशांना वळत राहिली. पडद्याकडं बघून आण्णाप्पांना तिचा प्रत्येक वळसा कळत होता. डावीकडं किंजळ, आता दगडाची उतरण, आता पाचोळा. ती ओढ्याच्या आवाजाकडं गेली, परत फिरली, चढावर आली. एकदा वाट चुकून बांबूच्या बेटात अडकली. आण्णाप्पांनी दाराची कडी मुठीत धरली. ब्राह्मी मात्र घाबरली नाही. मागं येऊन तिनं पुन्हा उजवी धरली. आता तिच्या दोन कानांत दोन वेगळे ओढे वाजत होते, एक इकडं, एक तिकडं, त्यांतला एक तोच खिंडीपलीकडून येणारा. ती मधोमध थांबली. एका हातानं की-बोर्ड आणि दुसऱ्या हातानं पाटीवर पेन, अशी रेघ सरकू लागली. पाऊण तास व्हायला सहा मिनिटं असताना तिनं पेन खाली ठेवलं.

परीक्षकांनी कागद उजेडाकडं धरला आणि दुरुस्त नकाशाशी ताडला. पुन्हा ताडला.

"ह्या ओढ्याची दिशा कशावरनं ठरवलीस? नुसतं बघून चाललेल्या बऱ्याच जणांनी तो पूर्वेला दाखवलाय."

"सर, पश्चिमेच्या बाजूला आवाज खोल जातो, आणि त्या बाजूचा जांभा संपून काळा दगड लागतो. जमीन तिकडं उतरते." तिनं तळवा पुढं केला. "आणि सर, हे ऐकून काढलेलं उत्तर आहे. पण तो ओढा मी हातानंही बघितलाय."

परीक्षकांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी ओढ्यावरच्या त्या शनिवारची वही पुढं केली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, मिटली आणि ब्राह्मीच्या पुढ्यात अदबीनं ठेवली.

निकाल एप्रिलच्या शेवटी लागला. पन्नासपैकी सत्तेचाळीस, वर्गात पहिली. ब्राह्मीचे वडील निपाणीहून पेढ्यांचा डबा घेऊन आले, आणि विभागात शिरल्यावर त्यांनी आधी विचारलं, "आण्णाप्पा कोण?" मग दोघं एकमेकांसमोर नुसते हात जोडून उभे राहिले. शेवटी ब्राह्मीलाच म्हणावं लागलं, "आप्पा, पेढा द्या की त्यांना." त्यादिवशी नागेंद्रनं जंगलाच्या पहिल्या पानावर दोन ओळी चढवल्या : निवेदन, आण्णाप्पा, संपादन आणि क्षेत्र-पडताळणी, ब्राह्मी. आण्णाप्पांनी मालुबाईला मुद्दाम कॉलेजात आणून त्या वाचून दाखवल्या. मालुबाईनं पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा वाचायला लावल्या.

नव्या वर्षाच्या प्रवेशाला तीन दृष्टिहीन विद्यार्थी भूगोलाला आले. एक चिकोडीचा, एक संकेश्वरची आणि एक पार गदगहून. गदगच्या पोराला मराठी नीट येत नव्हतं, म्हणून कन्नड निवेदन मॅडमनी स्वतः करून घेतलं. ब्राह्मी आता दुसऱ्या वर्षाला होती, आणि पहिल्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक तिनं घ्यावं असं विभागानं ठरवलं. बरोबर शिकवायला आण्णाप्पा. मॅडमनी त्यांच्यासाठी फळ्याशेजारी खुर्ची मांडली होती, पण ते बसायला तयार नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून ते उभेच होते.

सत्तावीस जणांनी कानाला हेडफोन लावले. काहींच्या डोळ्यांवर चष्मे होते, काहींच्या नव्हते. जंगल सुरू झालं.

"तर सांगा," आण्णाप्पा घसा खाकरून म्हणाले, "कुणाला काय कळलं?"

वर्गात सवयीनं हात वर झाले.

"बाई, सगळ्यांनी हात वर केल्यात," आण्णाप्पांनी ब्राह्मीला सांगितलं.

"हात खाली घ्या," ब्राह्मी वर्गाकडं तोंड करून म्हणाली. "हितं हात चालत न्हाईत. बोला!"

क्षणभर कुणाला कळेना आधी कुणी बोलायचं. मग संकेश्वरच्या पोरीनं तोंड उघडलं, तिच्यामागं चिकोडीचा, आणि बघता बघता सत्तावीसच्या सत्तावीस एकदम बोलू लागले. कुणी ओढा सांगत होतं, कुणी दगड, कुणी वारा. शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले. आण्णाप्पांनी त्यांना हातानंच आत यायची खूण केली आणि पुन्हा पोरांकडं वळले.

"एकेक जण, एकेक जण! व्हय, तू सांग. उतार कुणीकडं हाय?"